चांद्याचा शेवटचा राजा

माणिकगड तीन वर्षे नांदेड जिल्ह्यात होता, हे आज नांदेडमध्ये फार कोणाला ठाऊक नसेल. १९५६ साली हैदराबाद संस्थानाचे तुकडे झाले, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे दोन तालुके आमच्या जिल्ह्याला जोडले गेले. किनवट राहिले. राजुरा १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याकडे गेले. चांद्याच्या गोंड राजांचा आद्य किल्ला मानला जातो तो माणिकगड या राजुऱ्याच्या डोंगरात आहे. म्हणजे तेवढी तीन वर्षे एका जुन्या राज्याचे पहिले ठाणे नांदेडच्या कलेक्टर कचेरीच्या नकाशावर होते. नकाशातून ते गेले आणि आमच्या आठवणीतूनही गेले.

मीही त्यातलाच. विष्णुपुरीला विद्यापीठाच्या वाटेवर माझे झेरॉक्सचे दुकान आहे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. जे वाचले ते दुकानात येणाऱ्या प्रबंधांच्या पानांतून, आणि मग त्या पानांत उल्लेखलेली पुस्तके शोधत. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी पहिल्या रघूजी भोसल्यांवर एक लेख लिहिला होता. त्यात एक वाक्य होते : ‘जुलमी नीळकंठशहाच्या जाचातून चांद्याची रयत मुक्त झाली.’ वाक्य मला तेव्हा बरे वाटले होते. किनवटकडचा एक गोंड मुलगा एम. ए.च्या टिपणांच्या प्रती काढायला यायचा. त्याने कुठून तरी तो अंक मिळवला आणि एका संध्याकाळी काउंटरवर ठेवला.

‘‘काका, जुलमी होता हे तुम्हाला कोणी सांगितलं?’’

‘‘गॅझेटियरमध्ये आहे.’’

‘‘गॅझेटियर कोणी लिहिलं?’’

‘‘इंग्रजांनी.’’

‘‘त्यांना कोणी सांगितलं?’’

मी त्याच्या प्रती मोजून दिल्या आणि पैसे घेतले. उत्तर दिले नाही, कारण ते माझ्याजवळ नव्हते. पुढचा सारा खटाटोप त्या तिसऱ्या प्रश्नापायी झाला.

चांद्याच्या गोंड घराण्याविषयी आज जे लिहिले जाते, त्यातला मोठा भाग दोन पुस्तकांतून येतो. एक, मेजर लूसी-स्मिथ यांनी केलेल्या चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल. दुसरे, चार्ल्स ग्रँट यांनी संपादलेले मध्य प्रांताचे गॅझेटियर. दोन्ही १८७० च्या आसपासची. राज्य बुडून तेव्हा सव्वाशे वर्षे होत आली होती. सारा ठरवायला आलेल्या अधिकाऱ्याने घराण्याच्या आठवणी, गावोगावच्या कथा आणि कचेरीतले कागद एकत्र करून राजांची यादी तयार केली. भीम बल्लाळसिंगापासून नीळकंठशहापर्यंत एकोणीस राजे, इसवी सन ८७० ते १७५१. या यादीकडे आकडेमोड करणाऱ्याने एकदा तरी पाहावे. आठशे एक्याऐंशी वर्षांना एकोणीसने भागले तर प्रत्येक राजाच्या वाट्याला सेहेचाळीस वर्षे येतात. एखादा राजा सेहेचाळीस वर्षे राज्य करतो. ओळीने एकोणीस राजे करत नाहीत. सरासरी वीस-पंचवीस वर्षे धरली तर आरंभ तेराव्या-चौदाव्या शतकात येतो. वरंगळचे काकतीय राज्य १३२३ मध्ये पडले आणि गोदावरीच्या उत्तरेकडील रानावर कोणाचाच पक्का ताबा राहिला नाही, तो हा काळ. राज्य उभे राहायला जागा तेव्हा होती. ८७० हा आकडा मात्र अजूनही पाट्यांवर आणि पुस्तिकांत तसाच छापला जातो.

कथेत आरंभी राजा नाही, कोल भील नावाचा एक बलवान आणि शहाणा माणूस आहे. त्याने विखुरलेल्या गोंडांना एकत्र केले आणि दगडातून लोखंड काढायला शिकवले, असे परंपरा सांगते. लूसी-स्मिथला ही दंतकथा वाटली. मला ती राज्याच्या पायाची फार नेमकी आठवण वाटते. वर्धा-वैनगंगेच्या या पट्ट्यात लोहखनिज जमिनीच्या वरच सापडते, भट्टीला लागणारे लाकूड अमाप होते. लोखंड म्हणजे कुऱ्हाड आणि फाळ. कुऱ्हाड आणि फाळ म्हणजे रान मोडून शेत. भीम बल्लाळसिंगाने राजधानी केली ती वर्धेच्या अलीकडे, आजच्या तेलंगणातल्या सिरपूरला, आणि भक्कम ठाणे माणिकगडाला. पुढे राजधानी नदी ओलांडून बल्लारपूरला गेली. मधल्या एका राजाने दिल्लीच्या बादशहाकडून किताब मिळवला आणि ‘सिंग’ जाऊन नावामागे ‘शहा’ आले. त्या दिल्लीभेटीची कहाणी रंगतदार आहे, पण इथे तिला जागा नाही.

चंद्रपूर शहराची कथा मराठी वाचकांनी ऐकलेली असते. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर गाठी होत्या, झरपट नदीच्या पात्रातल्या एका खळग्यातल्या पाण्याने त्या बऱ्या झाल्या. तिथे अचलेश्वराचे देऊळ झाले. मग त्याला कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. राणी म्हणाली, जिथे ससा कुत्र्याला पळवतो तिथे शहर वसवा. ससा धावला त्या वाटेने परकोटाची आखणी झाली. हीच कथा थोड्याफार फरकाने अहमदाबादची सांगतात, विजयनगरचीही सांगतात. परकोट मात्र दगडी आहे आणि खरा आहे. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे, मधे लहान खिडक्या, दरवाजांवर गोंडांचे चिन्ह : हत्तीवर मात करणारा सिंह. भिंत पुरी व्हायला पुढच्या पिढ्या लागल्या. काही वर्षांपूर्वी तिथल्याच तरुणांनी झुडपे तोडून, कचरा उपसून तिचा बराच भाग मोकळा केला. पावसाळ्यानंतर तिच्यावरून चालत गेले की इरई आणि झरपट यांच्या बेचक्यात शहर कसे बसवले आहे, ते कळते.

भिंतीपेक्षा मोठे काम मात्र तळ्यांचे आहे. आमच्या विष्णुपुरीत गोदावरीचे पाणी पंपांनी उचलून कालव्यात टाकतात. लहानपणापासून ते पाहिल्यामुळे असेल, पण अहवालातल्या ज्या पानावर मी सगळ्यात जास्त रेंगाळलो, ते तलवारींचे नव्हते. ते हीरशहाचे होते. हीरशहाने असे जाहीर केले की, जो कोणी रान तोडून जमीन लागवडीस आणील, ती जमीन त्याची. जो तळे बांधील, त्याला त्या तळ्याच्या पाण्याने जेवढी भिजेल तेवढी जमीन इनाम. ठरल्या दिवशी राजा स्वतः पाहणी करी आणि सनदा देई. यात खजिन्यातून एक पैसा जात नाही. बांधणाऱ्याला बांध मोठा घालण्याची आणि दुरुस्त ठेवण्याची गरज आपोआप वाटते, कारण पाणी जिथपर्यंत पोहोचेल तिथपर्यंत त्याचे शेत. धरणांच्या आणि पाणीवापर संस्थांच्या फायली मी दुकानात पुष्कळ छापल्या आहेत. इतका थोडक्यात मावणारा नियम त्यांत मला सापडला नाही. तळ्यासाठी किंवा रान मोडण्यासाठी दिलेल्या अशा जमिनीला तिकडे ‘तुकूम’ म्हणत.

हे राज्य रानटी टोळ्यांचे होते, असे ज्यांना अजून वाटते त्यांनी ‘ऐने-अकबरी’ पाहावी. अबुल फजलने वऱ्हाडच्या प्रकरणात बाबाजी नावाच्या गोंड जमीनदाराची नोंद केली आहे : एक हजार घोडदळ, चाळीस हजार पायदळ, आणि हिऱ्यांची खाण असलेले वैरागड त्याच्या ताब्यात. हा बाबाजी बल्लाळशहा. मोगलांच्या लेखी जमीनदार. स्वतःच्या मुलखात राजा. पुढे औरंगजेबाच्या काळात, १६६७ मध्ये दिलेरखान चांद्यावर चालून आला आणि जबर खंडणी घेऊन परत गेला. राज्य तेव्हा वाकले, मोडले नाही. बीरशहाचा खून झाल्यावर त्याची राणी हिराई हिने कारभार हातात घेतला. पतीची समाधी आणि महाकालीचे देऊळ ही तिची कामे. दत्तक घेतलेल्या रामशहाला तिने गादीवर बसवले. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून, अगदी आमच्या नांदेड-परभणीकडून लोक जातात. ज्या राणीने देऊळ बांधले, तिच्या राज्याचे काय झाले, हा प्रश्न त्या वाटेवर कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. मीही आईबरोबर दोनदा गेलो होतो.

रामशहाने १७३५ पर्यंत राज्य केले. याच्याविषयी गॅझेटियरमध्ये एक विलक्षण गोष्ट आहे. रघूजी भोसले भांडण उकरून काढायच्या इराद्याने चांद्याला आले; पण रामशहाला पाहून इतके भारावले की, देवाप्रमाणे त्याचा आदर करून परतले. गोष्ट खरी असो वा नसो, तिचे काम पाहा. ती असे सांगते की, चांगल्या राजाचे राज्य भोसल्यांनी घेतले नाही. मग ज्याचे घेतले तो कसा असला पाहिजे? तो नीळकंठशहा. गॅझेटियर म्हणते, दुष्ट आणि क्रूर. त्याने वडिलांचा विश्वासू दिवाण महादजी वैद्य याला ठार केले, प्रजेवर जुलूम केला, देवगडच्या गादीच्या भांडणात नाक खुपसले. रघूजी आले तेव्हा दुखावलेल्या माणसांनीच फितूर होऊन दार उघडले. चांदा लढाईशिवाय पडले.

नीळकंठशहा सज्जन होता, असे सिद्ध करायला मी निघालेलो नाही. दिवाणाला मारणारा राजा असेलही जुलमी. दार आतून उघडले गेले, म्हणजे आत राग होता हे उघड आहे. पण ही हकीकत ज्या दोन तोंडांतून आली, ती दोन्ही जिंकणाऱ्यांची आहेत. आधी भोसल्यांची कचेरी, मग इंग्रजांची. नीळकंठशहाच्या बाजूचा एकही कागद या कहाणीत नाही. आणि जुलमापासून सोडवायला आलेल्याने पुढे काय केले, ते मात्र आकड्यात आहे. १७४९ च्या तहाने राज्याच्या उत्पन्नाचा दोन तृतीयांश भाग भोसल्यांना देणे ठरले. मराठी वाचकाला चौथाई आणि सरदेशमुखी माहीत असते. चौथाई पंचवीस, सरदेशमुखी दहा, मिळून शंभरात पस्तीस. इथे सहासष्टच्या वर. उरलेल्या तिसऱ्या हिश्शात राजवाडा, फौज, देवस्थाने आणि तळी चालवायची. असा तह टिकण्यासाठी केलेला नसतो. दोनच वर्षांनी, १७५१ मध्ये, रघूजींनी उरलेले राज्यही घेतले. नीळकंठशहाला बल्लारपूरच्या किल्ल्यात ठेवले, आणि वर्धेच्या काठी त्या कैदेतच तो मेला. मुलगा बल्लाळशहा याने १७७३ मध्ये गोंड जमवून उठाव केला. तो हरला, कैदेत पडला आणि उतारवयात तुटपुंज्या पेन्शनवर सुटला.

माझ्या जुन्या लेखात या सगळ्याला मी ‘राज्यविस्तार’ म्हटले होते. आपली पाठ्यपुस्तकेही तेच म्हणतात. रघूजींनी चांदा घेतले तो विस्तार. डलहौसीने नागपूर घेतले ते खालसा करणे, अन्याय, पारतंत्र्य. दोन्हीकडे गादी, खजिना आणि गावे एका हातातून दुसऱ्या हातात गेली. फरक आहेत, आणि मोठे आहेत. भोसले इथेच राहिले, इथली भाषा बोलले, त्यांनी घेतलेला पैसा समुद्रापार गेला नाही. पण माणिकगडच्या डोंगरातल्या माणसाला हा फरक कितपत जाणवला असेल, हा प्रश्न मी त्या लेखात विचारायला हवा होता.

डलहौसीच्या वेळी काय झाले ते पाहू. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. त्यानंतर थोड्याच दिवसांत नागपूरचा रेसिडेंट मॅन्सेल याने वर पाठवलेल्या अहवालात मृत राजाचे चित्र असे काढले : व्यसनी, चैनी, कारभाराकडे पाठ फिरवलेला. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर मातीमोलाने लिलावात निघाले, जडजवाहीर कलकत्त्याला गेले. वृद्ध बांकाबाई तक्रार करत राहिली. हा प्रसंग आपण मराठी माणसे आजही दुःखाने सांगतो, आणि तो राजा तितका वाईट नव्हता, हेही आवर्जून सांगतो. दोनच वर्षांनी अवधच्या वाजिद अली शहाची तशीच गत झाली. नाचगाण्यात बुडालेला नवाब म्हणून. राज्य घ्यायचे ठरले की शेवटचा राजा वाईट निघतो. रघूजी तिसरे आणि वाजिद अली यांच्या बाबतीत आपण हा डाव ओळखतो; नीळकंठशहाच्या बाबतीत ओळखत नाही, कारण तिथे पट मांडणारे आपण होतो.

हा प्रकार केवळ हिंदुस्थानचा नाही. आफ्रिकेच्या मध्यभागी, आजच्या काँगोच्या कटांगा भागात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात म्सिरी नावाच्या राजाने गारेंगान्झे हे राज्य उभारले. तोही बाहेरचा, पूर्वेकडून तांब्याच्या आणि हस्तिदंताच्या व्यापारासाठी आलेल्या न्यामवेझी लोकांपैकी. त्याने स्थानिक सांगा लोकांना आणि लुंडा राजांच्या मांडलिकांना दाबून राज्य वाढवले. बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाला तिथले तांबे हवे होते. त्याने पाठवलेल्या मोहिमेने म्सिरीला आपले निशाण स्वीकारायला सांगितले, तो नाही म्हणाला, आणि २० डिसेंबर १८९१ रोजी कॅप्टन बोडसन याने त्याला गोळी घातली. युरोपात म्सिरी रक्तपिपासू जुलमी म्हणून रंगवला गेला. त्याच्या जुलमाच्या कथा अगदीच खोट्या होत्या, असे नाही. सांगा लोक त्याच्याविरुद्ध आधीच उठले होते. त्या उठावाचा फायदा मात्र सांगांना झाला नाही, लिओपोल्डला झाला. काँगोत पुढे काय झाले, ते जगाला माहीत आहे. आधी शेजारचा येतो, मग दूरचा. दूरचा येतो तेव्हा शेजाऱ्याच्या जुलमाचे दाखले त्याच्या खिशात असतात.

चांद्यालाही दूरचा आला, टप्प्याटप्प्याने. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेकडचा मुलूख सोडावा लागला, तो निजामाकडे गेला. जी नदी गोंड राज्याच्या मधून वाहत होती, ती आता सीमा ठरली. सिरपूर आणि माणिकगड शेवटी निजामाकडच्या बाजूला राहिले, चांदा आणि बल्लारपूर पलीकडे. माझ्या आरंभीच्या तीन वर्षांचे मूळ इथे आहे. पेंढाऱ्यांच्या धाडींनी आणि सारावसुलीच्या मक्त्यांनी त्याच सुमाराला चांद्याची गावे ओस पडत होती.

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. आप्पासाहेब भोसले हरले, मार्चमध्ये कैद झाले. चांदा हा त्यांच्या वडिलांचा, व्यंकोजींचा वाटा. साहजिकच त्यांची माणसे तिथे तग धरून होती. दुसरा बाजीराव त्यांच्या मदतीला चांद्याकडे सरकत होता. १७ एप्रिल १८१८ रोजी कर्नल ॲडम्सने पांढरकवड्याजवळ शिवणी इथे त्याला गाठून पळवले आणि मग तो चांद्यावर वळला. ९ मे रोजी वेढा पडला. चांद्याचा मे महिना ज्याने अनुभवला आहे, त्याला या वेढ्याविषयी आणखी सांगायला नको. तोफांनी परकोटाला खिंडार पाडले आणि २० मे रोजी इंग्रजी फौज आत शिरली. किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. शहर लुटले गेले. सुमारे सत्तर वर्षांपूर्वी जे दार आतून उघडले होते, ती भिंत या वेळी बाहेरून फोडावी लागली. गोंडांनी बांधलेल्या भिंतीआड आता भोसल्यांची माणसे मरत होती.

वेढा चालू असतानाच, १३ मे रोजी, आप्पासाहेब प्रयागकडे नेणाऱ्या पहाऱ्यातून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गेले. तिथे त्यांना आसरा कोणी दिला? हर्रईच्या चैनशहाने, म्हणजे एका गोंड जमीनदाराने. ज्या घराण्याने देवगडची आणि चांद्याची गोंड राज्ये गिळली, त्याच्या शेवटच्या स्वतंत्र वंशजाला डोंगरातले गोंड महिनोन्‌महिने सांभाळत होते, त्याच्यासाठी इंग्रजांशी झुंजत होते. आप्पासाहेब पुढे अशीरगडमार्गे उत्तरेत गेले आणि १८४० साली जोधपुरात वारले. भोसल्यांच्या इतिहासात ही फरारी मोठ्या रसाने लिहिली जाते. चैनशहाला त्यात एखादी ओळ मिळते.

चाळीस वर्षांनी पुन्हा डोंगर पेटले. मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचा व्यंकटराव यांनी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध हत्यार उचलले. २९ एप्रिलला त्यांच्या माणसांनी चिंचगुंडीजवळ तारखात्याच्या छावणीवर हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल हे दोन गोरे मारले गेले. डेप्युटी कमिशनर क्रिक्टन याने फौजेपेक्षा जमीनदारांवर दाब आणून काम साधले. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईने सप्टेंबरमध्ये बाबूरावाला पकडून दिले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. वय पंचवीस. लक्ष्मीबाईला जमीनदाऱ्या बक्षीस मिळाल्या. ज्या तुरुंगात फाशी दिली, तो गोंड राजांच्या जुन्या किल्ल्याच्या आवारात आहे. २००९ मध्ये टपाल खात्याने बाबूरावाचे तिकीट काढले. त्या मुलाने त्याचा लिफाफा मला आणून दाखवला होता. लक्ष्मीबाईचे नाव घेताना तो थांबला. ‘‘तीही आमचीच, काका,’’ म्हणाला. इथे त्याने जो प्रामाणिकपणा दाखवला, तो मी रघूजींच्या लेखात दाखवला नव्हता.

राहता राहिली तळी. इंग्रजांनी १८६० नंतर जमाबंदी केली तेव्हा गावाचा सारा भरणारा मालगुजार गावाचा मालक ठरला, आणि गावातले तळेही त्याचेच ठरले. ज्याच्या पूर्वजाने सनदेवर बांध घातला, तोच मालगुजार झाला असेल तर ठीक. पण कित्येक ठिकाणी तो भोसल्यांच्या काळात आलेला मक्तेदार किंवा सावकार होता. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तळी सरकारची झाली. पूर्व विदर्भातल्या अशा हजारो तळ्यांना आज सरकारी कागदांत ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात, बोलताना ‘मामा तलाव’. म्हणजे ज्याने बहुतेकदा तळे बांधले नाही, ज्याचा हक्कही आता राहिला नाही, त्याचे नाव तळ्याला आहे. यातली सारी तळी गोंडकालीन नाहीत. भंडाऱ्याकडे कोहळी लोकांनी बांधलेली पुष्कळ आहेत. पण त्या कोहळ्यांना बांध घालायला जमीन देणारी पद्धत गोंड राजांच्या अमलातली होती. गाळ काढण्याच्या योजना निघतात, तेव्हा बांध, पाळ, सांडवा यांची मापे कागदावर येतात. सनदेचा उल्लेख येत नाही. तो आला असता तर बांधाची दुरुस्ती कोणी करायची, हा दरवर्षीचा वाद कदाचित वेगळ्या रीतीने सुटला असता, कारण हीरशहाच्या नियमात त्याचे उत्तर होते : ज्याचे शेत भिजते त्याने.

मागच्या हिवाळ्यात मी चंद्रपूरला गेलो. तो मुलगा आता किनवटकडे एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. त्याला रजा मिळाली नाही, एकटाच गेलो. बल्लारपूरच्या किल्ल्यात वर्धेकडच्या दरवाजात बराच वेळ बसलो. खाली नदी आटलेली होती, पलीकडे राजुऱ्याची बाजू दिसत होती. परत शहरात आल्यावर जटपुरा दरवाजाबाहेर रिक्षावाल्याला म्हटले, तुकूमला जायचे आहे. शहराच्या उत्तरेला त्या नावाची मोठी वस्ती आहे, बंगले, दवाखाने, शिकवणीवर्ग.

‘‘तुकूम म्हणजे काय हो?’’ मी बसता बसता विचारले.

‘‘काय म्हणजे?’’

‘‘त्या शब्दाचा अर्थ.’’

‘‘तुकूम म्हणजे तुकूमच ना भाऊ,’’ तो म्हणाला आणि रिक्षा सुरू केली. ‘‘तलावाकडून घेऊ का बायपासनं?’’

मी तलावाकडून म्हटले.